पायरी चुकलेले यंत्र

घरातील एखादे यंत्र बिघडले म्हणजे घरातील प्रत्येक माणूस वैद्य होतो. घड्याळ मागे पडू लागले किंवा विहिरीवरचा पंप पाणी ओढीनासा झाला, की ओटीवर बसलेल्या प्रत्येकाचे निदान तयार असते. आणि गंमत अशी की, एकाचे निदान दुसऱ्याच्या निदानाशी कधी जुळत नाही. उपचार मात्र सर्वांचे एकदमच सुरू होतात. अशाने यंत्र बरे झाले तर ते कशाने झाले हे कळत नाही, आणि न झाले तर रोग कोणता तेही कळत नाही. गेल्या श्रावणात आमच्या बांद्याच्या घरी असाच प्रसंग गुदरला. त्यात एक मोलाची फळी वाया गेली, घरात दोन दिवस अबोला झाला, आणि जी गोष्ट आम्ही उभा जन्म मुलांना शिकवीत आलो ती आम्हांस नव्याने शिकावी लागली. ती हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

आमच्या पुतण्याचा थोरला मुलगा यंत्रविद्येची पदविका घेऊन गोव्यातील एका कारखान्यात चार वर्षे नोकरी करीत होता. ती सोडून तो घरी परतला आणि साठविलेल्या पैशांतून त्याने माजघरालगतच्या खोलीत लाकूड कोरण्याचे एक लहानसे संगणकी यंत्र उभारले. अशा यंत्रास सी.एन.सी. म्हणतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा आमच्यापासून फार दूर नाहीत. त्या परंपरेच्या सावलीत आपणही लाकडाचे काही काम करावे व घरीच राहावे, असा त्याचा मानस. त्याच्या वडिलांस हे मुळीच रुचले नव्हते. "चतुर्थीपर्यंत चार माणसांत दाखविण्याजोगे काही कर, नाहीतर पुन्हा नोकरी धर," असे त्यांनी स्पष्ट बजाविले होते.

दाखविण्याजोगे काम त्याने निवडले ते घरच्या गणपतीच्या प्रभावळीचे. आमची जुनी प्रभावळ वाळवीने अर्धी खाल्ली होती. उरलेल्या अर्ध्या भागाची छायाचित्रे घेऊन, त्याचेच प्रतिबिंब दुसऱ्या बाजूस मांडून, मुलाने संगणकावर संपूर्ण वेलबुट्टी सिद्ध केली. लाकूडही घरचेच होते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गात झाडे पाडली, तेव्हा परसातला आमच्या वडिलांनी लावलेला फणस मुळासकट उन्मळून पडला. त्याच्या फळ्या काढून आम्ही चार पावसाळे माळ्यावर वाळविल्या होत्या. प्रभावळीस पुरेल एवढ्या रुंदीच्या फळ्या मात्र दोनच निघाल्या.

त्यांपैकी पहिली फळी यंत्रावर चढली. दोन तास काम सुरेख चालले. मग यंत्र आपोआप थांबले आणि संगणकावर धोक्याची सूचना झळकली. मुलाने ते पुन्हा मूळ जागी आणून काम पुढे सुरू केले. तासाभराने पाहतो तो उजवीकडचा वेल डावीकडच्या वेलास चार मिलिमीटर चुकून भेटत होता, आणि आधी कोरून झालेल्या कमळाच्या पाकळीवरून कातणारे पाते आडवे फिरून गेले होते. फळी गेली. मुलाच्या वडिलांनी दारातून एकदा पाहिले व एक शब्दही न बोलता ते बाहेर निघून गेले. तोच तो अबोला.

आंधळा राजा

पुढील विवेचन समजण्यास यंत्राची रचना थोडी माहीत असावयास हवी. या यंत्रास तीन दिशांनी हालचाल असते: एक आडवी, एक उभी, आणि एक खोलीची. त्यांस एक्स, वाय व झेड हे अक्ष म्हणतात. प्रत्येक अक्षास एक स्टेपर मोटर असते. साध्या मोटरीप्रमाणे ही नुसती गरगरत नाही. विजेच्या एकेका ठोक्यास ती एकेक पायरी सरकते. आमच्या यंत्राच्या मोटरीस एका फेऱ्यात २०० पायऱ्या आहेत, आणि ड्रायव्हर नावाचे विजेचे साधन त्या प्रत्येक पायरीचे पुन्हा १६ भाग करते. म्हणजे एका फेऱ्यास ३,२०० ठोके झाले. मोटरीच्या दांड्यास कपलिंगने जोडलेला आट्यांचा लांब स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवितो. म्हणून एका मिलिमीटरास ४०० ठोके. मिनिटास १,००० मिलिमीटर वेगाने काम चालले असता सेकंदास सुमारे ६,६६७ ठोके पडतात. हे मोजण्याचे काम तळहाताएवढी एक पट्टी करते. तिच्यातील ग्रबल नावाची आज्ञावली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड या गृहस्थाने २००९ साली सुरू केली व ती सर्वांस विनामूल्य खुली ठेवली; त्यामुळेच असली यंत्रे घरोघरी येऊ शकली.

यातील मर्माची गोष्ट अशी की, ठोके पाठविणाऱ्या पट्टीस पाते खरोखर कोठे पोहोचले हे मुळीच दिसत नाही. तिने चारशे ठोके दिले म्हणजे एक मिलिमीटर सरकले, असे ती धरून चालते. मोठ्या कारखान्यांतील यंत्रांस जागेची खबर परत सांगणारे साधन जोडलेले असते. आमच्या यंत्राची स्थिती मात्र धृतराष्ट्रासारखी, आणि जवळ संजयही नाही. रणात काय झाले ते त्यास कळत नाही; तो आज्ञा देतच राहतो. म्हणून एकदा जागा चुकली की पुढील सारे काम तेवढ्याच अंतराने चुकत जाते.

काकतालीय निदान

त्या रात्री घरात निदानांची झुंबड उडाली. सूनबाई म्हणाल्या, पावसाळी दमटपणा बाधला. धाकट्या नातवाने विजेच्या कमीजास्त दाबाकडे बोट दाखविले. मुलाच्या मित्रांनी दूरध्वनीवरून नाना उपाय सुचविले: वेग कमी कर, मोटरीचा प्रवाह वाढव, तारा बदल. आमच्याकडे पिढीजात येणारे सुतार सकाळी आले, तेही यंत्राकडे पाहून म्हणाले, "मास्तरानू, खयतरी ढिला आसा. आधी हातान हलवन बघा." यंत्रातील वीज व संगणक यांच्यापुढे सुताराच्या बोलण्यास काय किंमत, असे आमच्या मनात आले, हे लज्जापूर्वक कबूल करतो.

मुलाने एका संध्याकाळीत चार बदल केले: वेग उतरविला, प्रवाह वाढविला, संगणकाची तार बदलली, आणि आरेखनही नव्याने काढले. टाकाऊ प्लायवूडवर यंत्र तासभर निर्दोष चालले. सर्वांस हर्ष झाला. दुसऱ्या तासास ते पुन्हा चुकले. आता चारांपैकी कोणता उपाय गुणाचा, कोणता निरर्थक, आणि कोणता उलट अपाय करणारा, हे ब्रह्मदेवासही सांगता आले नसते. कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही.

तेव्हा आम्ही मुलास जवळ बसवून म्हटले, "तुझ्या यंत्रातले आम्हांस काही कळत नाही. परंतु कारण कसे शोधावे हे तर्कशास्त्रात सांगितलेले आहे. ते असेल तेथे कार्य आढळले पाहिजे, आणि ते काढून घेतले असता कार्य नाहीसे झाले पाहिजे. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले तरच कारण सिद्ध. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती वहीत लिहायची, आणि कारण सिद्ध झाल्यावाचून दुसऱ्या फळीस हात लावायचा नाही." मुलाने मान्य केले. चतुर्थीस सोळा दिवस होते. केलेले चारही बदल आधी मागे घेऊन यंत्र पूर्वस्थितीस आणले.

चार प्रयोग

पहिला प्रयोग: पाते फिरविणारी मोटर, जिला स्पिंडल म्हणतात, ती बंद ठेवली. तिच्या शेजारी पेन बांधून कागदावर १०० मिलिमीटर बाजूचा चौरस चाळीस वेळा काढविला. रेघेवर रेघ तंतोतंत बसली. म्हणजे मोजमाप व आज्ञावली यांत दोष नव्हता.

दुसरा प्रयोग: तोच चौरस, तेच पेन; फक्त स्पिंडल सुरू केले. पाते हवेतच फिरत होते, लाकूड नव्हतेच. तासाभरात यंत्र तीन वेळा सूचना देऊन थांबले. मात्र थांबेपर्यंत रेघ जागा सोडीत नव्हती. वहीत नोंद झाली: थांबण्याचा संबंध स्पिंडल चालू असण्याशी आहे, कातण्याशी नाही.

तिसरा प्रयोग या थांबण्याविषयीचा. यंत्राच्या प्रत्येक टोकास मर्यादा दाखविणारे लहान स्विच असतात. अक्ष टोकास भिडला की स्विच दाबला जाऊन यंत्र थांबते. त्या स्विचांच्या बारीक तारा स्पिंडलच्या जाड तारेशेजारून एकाच नळीतून नेलेल्या होत्या. आमच्या स्पिंडलच्या मोटरीत कार्बनचे ब्रश आहेत. त्यांच्या ठिणग्यांमुळे शेजारच्या तारांत क्षणिक लहरी उठतात, आणि पट्टीस वाटते की स्विच दाबला गेला. आम्ही स्विचांच्या तारा तात्पुरत्या सोडविल्या. यंत्र थांबेनासे झाले. पुन्हा जोडल्या, थांबू लागले. मग जाळीदार आवरणाच्या नव्या तारा वेगळ्या मार्गाने नेल्या, आवरणाचे एकच टोक जमिनीच्या तारेस जोडले, आणि पट्टीपाशी प्रत्येक स्विचास ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला. तीन तास यंत्र एकदाही थांबले नाही. तरीही खात्रीसाठी जुन्या तारा तासभर पूर्ववत लावून पाहिल्या, दोनदा थांबले. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला.

येथे आमचा पाय घसरला. चतुर्थी नऊ दिवसांवर आलेली. घरात मखराची, माटवीची तयारी सुरू झालेली. आम्ही आनंदाने म्हणालो, "सापडले! आता फळी चढव." मुलगा जागचा हलला नाही. म्हणाला, "आजोबा, हे थांबण्याचे कारण झाले. वेल सरकला तो का, ते अजून कळले नाही. नव्या तारा लावून आपण अद्याप काही कातून पाहिलेले नाही." आमचाच नियम आम्हांस ऐकविला गेला, आणि तो रास्त होता. दोन दोष एकाच दिवशी दिसले म्हणून आम्ही ते एकच समजून बसलो होतो.

चौथा प्रयोग त्यामुळे झाला. टाकाऊ प्लायवूड यंत्रावर बांधून खरोखर कातावयास लावले. थांबणे नाही, परंतु चाळीस मिनिटांनी वाय अक्ष दीड मिलिमीटर सरकलाच. हवेत सरकत नाही, कातताना सरकतो. न्यायशास्त्रातील उपाधीचे उदाहरण आम्हांस येथे आठवले: अग्नीतून धूर निघतो तो इंधन ओले असेल तरच, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. येथे ओले इंधन म्हणजे लाकडाचा विरोध. तो असला तरच दोष प्रकट होत होता. म्हणून पहिला प्रयोग खरा असूनही अपुरा होता.

आता प्रश्न उरला तो असा: मोटरच पायऱ्या चुकते, की मोटर बरोबर फिरूनही पुढे काहीतरी घसरते? यासाठी मुलाने जी युक्ती केली तिचे आम्हांस फार कौतुक वाटले, कारण तीस एका पैशाचाही खर्च नाही. मोटरीचा दांडा, कपलिंग आणि स्क्रू या तिहींवरून त्याने लाल शाईची एकच सरळ बारीक रेघ ओढली. मोटर पायऱ्या चुकत असती तर तिन्ही भाग एकत्रच चुकले असते व रेघ अखंड राहिली असती. तासभर कातल्यावर यंत्र बंद करून भिंग लावले, तो मोटरीचा दांडा व कपलिंग यांमधील रेघ तुटून दोन तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे बाजूस गेले होते. कपलिंग आवळणारा लहानसा ग्रब स्क्रू दांड्याच्या चपट्या बाजूवर टेकण्याऐवजी गोल बाजूवर टेकला होता. हलका भार तो सोशी. लाकडाने अडविले की घसरे. सुतारांनी पहिल्याच सकाळी सांगितले होते ते हेच. ते आले तेव्हा आम्ही त्यांस रेघ दाखविली. त्यांनी हसून मान डोलाविली, बोलले काही नाहीत.

दांडा पुसून तेलाचा अंश काढला, ग्रब स्क्रू चपट्या बाजूवर आणून आवळला, त्यास आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावला. तिन्ही अक्षांची कपलिंगे अशीच तपासली; एक्स अक्षाचाही एक स्क्रू सैल निघाला. मग प्लायवूडवर सलग पाच तास काम करविले. रेघ अखंड, नक्षी जागच्या जागी.

अशी यंत्रे बाळगणारांसाठी

ज्या घरी मुलांनी असे यंत्र आणले असेल, त्यांच्या उपयोगासाठी आमच्या वहीतील काही लक्षणे येथे देतो.

चूक नेहमी एकाच प्रमाणात होत असेल, म्हणजे शंभरास अर्धा मिलिमीटर तर दोनशेस एक, तर एका मिलिमीटराच्या ठोक्यांचा आकडा चुकला आहे असे समजावे. दिशा उलटविताच दर वेळी ठराविक अंतर कमी पडत असेल, तर स्क्रू व नट यांत ढील आहे. तिला कारागीर प्ले म्हणतात. तीस स्प्रिंगचा दुहेरी नट हा उपाय आहे. वेगात जाताना मोटर घरघरून एकदम जागा सोडीत असेल, तर ती पायऱ्या चुकते आहे. वेग किंवा गती घेण्याची घाई कमी करावी, सरकण्याच्या मार्गात कचरा वा गंज आहे का पाहावे, आणि मग प्रवाहाकडे वळावे. तासा-दोन तासांनी, यंत्र तापल्यावरच चूक होत असेल, तर ड्रायव्हरला वारा पुरत नाही. मोटर फिरण्याऐवजी जागीच थरथरत असेल, तर तिची एखादी तार निसटली आहे. ती तपासताना वीज पूर्ण बंद करावी. वीज चालू असताना मोटरीची तार काढल्यास ड्रायव्हर जळतो.

आमच्या बाजूस, जेथे पावसाळ्यात तेरेखोल नदीचे पाणी बाजारपेठेपर्यंत येते, तेथे लोखंडी दांड्यांस आठ दिवसांनी तेलाचा हात फिरविणे अगत्याचे आहे. आणि पाते फिरत असता डोळ्यांस चष्मा असावा. उपरणे, ओढणी, पदर यंत्राजवळ नसावा. यंत्राने चूक केली तर फळी जाते. माणसाने केली तर बोट जाते.

हे यंत्र परदेशी विद्येचे, आपल्याला त्यात काय कळणार, असे म्हणणारांस आम्ही एवढेच सांगू. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे कातणयंत्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात १९५२ साली प्रथम दाखविण्यात आले, तेव्हा त्याचा नियंत्रक खोलीभर होता. परंतु १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला, तोही आपल्याच भाषेच्या मुलुखात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्याचे तत्त्व. त्याच आश्रमात २००२ साली संगणकी यंत्रांची प्रयोगशाळा उभी राहिली, आणि खेड्यातील मुले तेथे अशी यंत्रे चालवू लागली. यंत्र कोठून आले याला महत्त्व थोडे. ते बिघडले असता त्याच्याशी धीराने बोलणारा माणूस घरात आहे की नाही, याला महत्त्व फार. आम्ही मुलांकडून न्यायशास्त्राची लक्षणे पाठ करून घेतली, पण एखादी सैल तार शोधावयास त्यांपैकी एकही आम्ही कधी लावली नव्हती. विद्या कपाटात होती. ती शाईच्या एका रेघेने बाहेर काढली.

दुसरी फळी चतुर्थीच्या सहा दिवस आधी चढली. दोन दिवसांत कोरीव काम झाले. यंत्राच्या पात्यास जे कोपरे साधत नाहीत ते सुतारांनी पटाशीने साफ केले, आणि पाकळ्यांच्या कडा त्यांच्याच हाताने उठल्या. गणपतीमागे प्रभावळ उभी राहिली. आरतीस आलेल्या पाहुण्यांनी विचारले तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या चिरंजिवांनी केली." अनंतचतुर्दशी उलटल्यावर त्यांनी नोकरीचा विषय काढला नाही. फक्त आम्हांस म्हणाले, "काका, वर्षभर पाहू."

बिघडलेली फळी आम्ही टाकू दिली नाही. सुतारांनी तिचा पाट करून दिला. कापलेली पाकळी आम्ही मुद्दाम वरच्या बाजूस ठेवविली आहे. घरात काही बिघडले आणि निदानांची झुंबड उडू लागली, की मुलगा तो पाट मधोमध आणून ठेवतो आणि वही उघडतो.